सुखरामचा नंबर

सुखराम गेला, तेव्हा पवननं बापाचा जीव की प्राण असलेला मोबाइल अस्थींसोबत वैनगंगेत सोडला. मग बापाच्या चिन्नोर तांदळाची वेबसाइट हाती घेतली. मोबाइलवर तिची अक्षरं मुंगीएवढी दिसायची. म्हणूनच गुगलनं तिला पार तळाशी ढकललं होतं. पवननं ती मोबाइलवर नीट वाचता येईल अशी केली, आणि चिन्नोर शोधला की पहिलं नाव त्यांचंच येऊ लागलं. तरी फोन वाजेना. वेबसाइटवर मेला नंबर बापाचाच राहिला होता!

तेवढ्यात कटंगीचं एक गिऱ्हाईक तांदळासाठी रिकामी पोती घेऊन दारात उभं.

"भाव फोनवरच ठरला."

"कोणासंग?"

"म्हाताऱ्यासंग. पाण्यातून बोलल्यावानी आवाज येऊन राह्यला होता. पोराले सांगा म्हणे, नंबर बदलू नको."