अकरा वेळा ब्लडी

मी एक शिवी बोलतेय. नाव ब्लडी. माहेर इंग्रजी, म्हणून या घरात मला कुणी शिवी समजतच नाही.

माझ्या जन्माबद्दल एकमत नाही. कुणी मला सरळ रक्ताची लेक म्हणतं, कुणी म्हणतं देवाच्या आईची शपथ बिघडून मी झाले, कुणी दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्या श्रीमंत पोरांच्या माथी मारतं. एवढं खरं, की एके काळी मला छापायचं तर पहिलं अक्षर छापून पुढे रेघ ओढत. असा दरारा होता.

आणि इथले सासरे? ब्लडी चहा, ब्लडी चप्पल, ब्लडी डास. मिठासारखी भुरभुरवतात मला. राग नाही, लोभ नाही. याचा सूड घ्यायचा हे मी कधीच ठरवलं होतं, फक्त हात सापडत नव्हते.

ते नव्या सुनेचे निघाले. ती टायपिस्ट. तोंडात जीभ आहे की नाही असं वाटावं इतकी गप्प.

"एक तारखेपासून ती ब्लडी नोकरी बंद," सासरे तिला म्हणाले. "ऐकायचं नि बडवायचं, त्यात अक्कल कसली? त्याआधी माझं भाषण उतरवून घे. मी सांगेन तसंच. एक शब्द गाळायचा नाही."

त्यांच्या जुन्या कारखान्याच्या मालकांचा सत्कार होता. "बरं, बाबा," ती म्हणाली, आणि खरंच एक शब्द गाळला नाही.

सभेत सासऱ्यांनी चष्मा लावून खणखणीत वाचलं. "आमचे ब्लडी मालक... त्यांच्या ब्लडी मातोश्रींचे आशीर्वाद..." मातोश्री पहिल्याच रांगेत. मी अकरा वेळा बाहेर पडले. सासऱ्यांना एकदाही ऐकू आले नाही, सभेला अकराही वेळा. कित्येक वर्षांनी माझ्यामुळे माणसांचे कान तापले. जिवाला काय थंडावा मिळाला म्हणून सांगू.

वाटेत कुणीतरी त्यांना तो आकडा सांगितला. घरी आल्यावर स्फोट. "मुद्दाम केलंस तू. उद्याच्या उद्या राजीनामा दे."

"तीस वर्षं मी ऐकतेय," सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "आज चारचौघांनी ऐकलं, एवढंच."

सून राजीनाम्यासाठी कागद घेऊन समोर बसली. "सांगा, बाबा. तुमच्याच शब्दांत घेते."

सासऱ्यांनी तोंड उघडलं. मी जिभेच्या टोकावर आलेच होते, त्यांनी मला गिळलं. पुन्हा उघडलं, पुन्हा गिळलं. माझ्याशिवाय त्यांना वाक्यच सुरू करता येईना.

एक तारीख कधीच उलटली. ती रोज कामाला जाते. मी त्यांच्या दातांआड बसून असते, मजेत. तुम्हाला एकच विनंती. खरा राग आला, तरच मला बोलवा. उगाच राबवलंत, तर तुमच्याही घरात कुणीतरी गप्प बसून उतरवून घेत असेलच.