सव्वाचारचं ऊन

"काका, बाजूला व्हा. गिऱ्हाइकाला कपाट दिसायला नको का?"

धाकट्या मालकांनी हे या आठवड्यात चौथ्यांदा सांगितलं. कोठीवाला हातातल्या फडक्यानं काच पुसत राहिला. काच त्यानं सकाळीच पुसली होती, शोधूनही डाग सापडला नसता. पण सव्वाचार वाजले होते. समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून ऊन आलं की ते दुकानाच्या मोठ्या खिडकीतून थेट सिगारच्या कपाटावर पडायचं आणि पाऊण तास तिथंच रेंगाळायचं. उन्हाकडे पाठ करून, त्याच्याबरोबर वीत वीत सरकत, मधल्या फळीवरच्या एका पेटीवर सावली धरून तो उभा राहायचा. गुडघे ठणकायचे. पण गुडघ्यांचं ऐकायला वेळ कुणाला होता!

एकतीस वर्षं तो या दुकानाच्या मागच्या कोठीत राबला होता. बिनखिडकीची खोली, हवेत ओलावा राहावा म्हणून पाण्याची घमेली, आणि लागेल तेवढाच लावायचा एक मिणमिणता दिवा. पेट्या तो नुसत्या हातानं चाचपून ओळखायचा. दुकानातले लोक त्याला घुबड म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर ते नाव त्याला आवडायचं. थोरल्या मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "उजेड तंबाखूच्या पानातलं तेल पितो. आधी रंग जातो, मग वास जातो, मग पान तडकतं. तू अंधार सांभाळ, बाकी मी बघतो."

गेल्या वर्षी थोरल्यांना पक्षाघाताचा झटका आला, ते अंथरुणाला खिळले आणि दुकान त्यांच्या मुलाच्या, धाकट्यांच्या हाती आलं. धाकट्यांना कोठी कोंदट वाटली. तिथं त्यांनी आपलं ऑफिस थाटलं आणि सगळ्या पेट्या झाकणं उघडून दर्शनी भागात काचेच्या कपाटात मांडल्या. कोठीवाल्यानं सांगून पाहिलं.

"काका, माल दिसला तरच खपतो," धाकटे म्हणाले आणि विषय संपला.

मधल्या फळीवरची पेटी थोरल्यांची स्वतःची होती. सतरा वर्षांपूर्वी त्यांनी ती बाजूला काढली होती. "माझ्या पंचाहत्तरीला उघडू. पहिली मी ओढीन, दुसरी तू." धाकट्यांनी ती देखणी म्हणून बरोबर मध्यभागी ठेवली. पंचाहत्तरीला सात महिने होते. कोठीवाला गुपचूप झाकण लावायचा, धाकटे येऊन उघडायचे. तिसऱ्यांदा त्यांनी सगळी झाकणंच काढून माळ्यावर टाकली. मग फडकं घेऊन उभं राहण्यापलीकडे त्याला काही सुचलं नाही.

घरी बायको इस्त्री करताना करवादायची. "अहो, हा तिसरा शर्ट! बाह्या कोऱ्या करकरीत आणि पाठ तेवढी विटलेली. दुकानात उन्हाला पाठ देऊन बसता की काय?"

"बसायला कुठं मिळतंय," तो म्हणायचा आणि डोळे मिटायचा.

पंचाहत्तरीच्या दिवशी दुपारी नेहमीचं गिऱ्हाईक असलेले दातांचे डॉक्टर दुकानात आले आणि त्यांनी दोन सिगार टेबलावर ठेवल्या. "ही हातातच तडकली. आणि ही ओढली तर जुना पुठ्ठा ओढल्यासारखी लागली. तुमच्या वडिलांच्या वेळी असं नव्हतं."

डॉक्टर गेल्यावर धाकट्यांनी मधली पेटी सोडून बाकीच्या पेट्या कपाटातून भराभर बाहेर काढल्या. वरच्या थरातल्या सगळ्या सिगार फिकट, कोरड्या पडल्या होत्या. कोठीवाल्यानं एक उचलून उलटी केली. खालची बाजू अजून गडद तपकिरी होती.

"ऊन," तो म्हणाला.

"ऊन? मग बाबांची पेटी कशी नाही विटली? ती तर मधोमध होती!" धाकट्यांचा आवाज चढला. "बदललीत ना? जुन्या, भारी काढून घेतल्या आणि आता नव्या भरल्या?"

एकतीस वर्षांत कोठीवाल्याच्या हातून एक पान फाटलं नव्हतं. सांगायला पुष्कळ होतं, पण त्याच्यात आता भांडायचं त्राण उरलं नव्हतं.

"मी बदललेली नाही," एवढंच तो म्हणाला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार वाजले होते. सवयीनं तो वळला आणि पेटीसमोर जाऊन उभा राहिला.

धाकट्यांची नजर त्याच्या पाठीवर गेली. निळ्या शर्टाची पाठ कॉलरपासून कमरेपर्यंत पांढुरकी पडली होती. बाह्यांवर मात्र मूळचा निळा रंग तसाच होता. पेटीभर सावली पडली होती, तिच्या दोन्ही बाजूंना ऊन होतं.

मग धाकटे शिडी लावून माळ्यावर चढले. धुळीनं माखलेलं एक झाकण त्यांनी खाली आणलं, आपल्या रुमालानं पुसलं आणि पेटीवर बसवलं.

"चला, काका. बाबा वाट बघत असतील."

थोरले उशीला टेकून बसले होते. कोठीवाल्यानं एक सिगार त्यांच्या धड हातात दिली. त्यांनी ती कानाजवळ नेऊन हलकेच दाबली. पान कुरकुरलं नाही. मग त्यांनी ती नाकाशी धरली, पुष्कळ वेळ धरली.

"मला वास येत नाही रे आता," ते म्हणाले. "डॉक्टर ओढूही देत नाहीत. तू बघ. येतो?"

कोठीवाल्यानं वास घेतला.

"येतो, मालक."

"कसला?"

"आपल्या कोठीचा."

थोरल्यांनी मान हलवली. सिगार त्यांनी छातीवर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला. दाराशी धाकटे खाली बघत उभे होते. खिडकीतून संध्याकाळचं ऊन हळूहळू पलंगावर चढत थोरल्यांच्या तोंडावर आलं. त्यांच्या पापण्या थरथरल्या.

कोठीवाला खुर्चीवरून उठला आणि खिडकीकडे पाठ करून उभा राहिला.