शेजारच्याची उशी

विद्यापीठाच्या मागच्या अंगाला, सायकली लावायच्या जागेशेजारी, एक लांबट खोली होती. तिथे तीन विभागांची माणसं एकत्र काम करायची, म्हणजे खरं तर एकत्र भांडायची. काहींना गुडघ्यांतलं कळायचं, काहींना स्प्रिंगांतलं आणि काहींना माणसांच्या स्वभावातलं. बाकीचं विद्यापीठ त्यांना गुडघेवाले, स्प्रिंगवाले आणि माणसंवाले म्हणायचं. या सगळ्यांनी भांडभांड भांडून शेवटी एक उशी बनवली होती.

उशी दिसायला साधी, खुर्चीवर ठेवायची. पण तिच्या पोटात स्प्रिंग होती. बसलेल्या माणसाने पुढे झुकलं की उशीची मागची कड वर उचलली जायची आणि माणसाला हलकेच रेटा मिळायचा. झोपाळ्यावरच्या लहान पोराला आपण मागून देतो ना, तसा. ज्यांचे गुडघे उठायच्या वेळी दगा देतात, त्यांनी कोणाचा हात न धरता उठावं, एवढंच त्या उशीचं काम.

स्प्रिंग बसवली होती धाकटीने. तिला दुसरं नाव होतं, पण ते फक्त कागदांवर. घरी ती धाकटी, इमारतीत धाकटी, आणि आता खोलीतसुद्धा धाकटी. उशी बनवताना तिच्या डोळ्यांसमोर एकच माणूस होतं. तिची आत्या. आत्याने तिला लहानाचं मोठं केलं होतं. अलीकडे आत्या खुर्चीत बसली की कोणी हात दिल्याशिवाय तिला उठता यायचं नाही. हात मागायची लाज वाटायची, म्हणून ती बसायचीच नाही. ओट्याला टेकून उभी राहायची, नाहीतर सरळ पलंगावर आडवी व्हायची. शेजारी जाऊन गप्पा मारणं तर बंदच झालं होतं, कारण गप्पा मारायला बसावं लागतं.

उशीची परीक्षा घ्यायची वेळ आली तेव्हा धाकटीने आपलीच इमारत निवडली. दुखऱ्या गुडघ्यांची तिथे वानवा नव्हती. उशा दोन प्रकारच्या होत्या. काहींत स्प्रिंग, काहींत नुसता लाकडाचा ठोकळा. उशा दोन तऱ्हेच्या आहेत हे सगळ्यांना सांगितलं होतं, पण कोणाच्या वाट्याला कोणती आली ते नाही. स्प्रिंगच्या उशीवाल्यांना फायदा झाला आणि ठोकळेवाल्यांना नाही झाला, तरच स्प्रिंगचा गुण खरा. नाहीतर नव्या उशीचं कौतुक आणि दुसरं काय!

काही आठवड्यांनी धाकटी घरोघर विचारत फिरली.

"झकास!" शेजारच्या दारातले शिंपीकाका म्हणाले. दुकान बंद करून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण मशीन काही सुटलं नव्हतं. "बसलो की उठलो, उठलो की बसलो. पोरी, नाव काढलंस."

"अगं, पिसासारखं अलगद उठवते," मास्तरीणबाई म्हणाल्या. सगळा जन्म शाळेत शिकवण्यात गेला, त्यामुळे आवाज अजून मागच्या बाकापर्यंत पोचायचा. "दहापैकी दहा. अक्षर सुधार म्हणून एक कापला असता, पण जाऊ दे."

वरच्या मजल्यावरच्या पोस्टमनकाकांनी तर उशीवर चार ओळी रचल्या होत्या. आणि आत्या! आत्याने तिच्यासमोर खुर्चीत बसून, उठून, परत बसून दाखवलं. "डोळे झाकून कोणालाही दे," ती म्हणाली.

धाकटी तरंगतच सरांकडे गेली. सर म्हणजे त्या लांबट खोलीचे प्रमुख. हाडाचे गुडघेवाले, हसायचे ते जपून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ठोकळेवाल्यांनी किती गुण दिले?"

"दहापैकी दहा."

"स्प्रिंगच्या उशीवाल्यांनी?"

"दहापैकी... दहा."

"मास्तरीणबाईंची कोणती?"

"ठोकळ्याची," धाकटी म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिचा चेहरा उतरला.

"लाकडाचा ठोकळा त्यांना पिसासारखा अलगद उठवतो. वा." सरांनी चष्मा काढून पुसला. "अगं, हे उशीचे गुण नव्हेत, तुझे आहेत. ज्यांनी तुला कडेवर घेऊन फिरवलं, ते तुला नापास करतील होय? दोन उशांत फरक दिसत नसेल, तर माझा नाइलाज आहे. महिनाअखेर ही खोली पाणीवाल्यांना द्यावी लागेल."

पाणीवाले म्हणजे पाणी गाळायची नवी तऱ्हा शोधणारे. ते टेप घेऊन भिंती मोजूनसुद्धा गेले होते. खोली गेली की यंत्रं गेली, आणि यंत्रं गेली की उशी कायमची अर्धवट. धाकटीला ओट्याला टेकून उभी असलेली आत्या दिसायला लागली.

ती पुन्हा इमारतीत गेली. प्रत्येकाला हात जोडून म्हणाली, "खरं सांगा. वाईट सांगितलंत तर माझं भलंच होईल."

"वाईट? अजिबात नाही!" शिंपीकाका म्हणाले. "कोण म्हणतंय वाईट? नाव सांग त्याचं!"

आता काय करावं? धाकटी हताश होऊन दाराशी चपला घालायला लागली. एक चप्पल पायात गेली होती, दुसरी शोधत होती, तेवढ्यात शिंपीकाकांना राहवलं नाही. ते पुढे सरकून हळू आवाजात म्हणाले, "माझं सोड. पण त्या समोरच्या मास्तरीणबाईंना विचारलंस का, उशीचं काय करतात ते?"

"दहापैकी दहा म्हणाल्या."

"दहा! अगं, उशी जमिनीवर ठेवून वर चढतात, खिडकीतून खालची गंमत बघायला. कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या पिशवीत काय! म्हणतात, मोठी भक्कम आहे हो, लाकडासारखी. बसत वगैरे कोणी नाही तिच्यावर."

धाकटी एका पायावर तशीच उभी राहिली. लहानपणी शिकलेली एक साधी गोष्ट तिला आठवली. आपल्या डोळ्यातलं मुसळ आपल्याला दिसत नाही म्हणतात, पण शेजाऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला माणूस जिना चढून जातो. ती दुसरी चप्पल न घालताच समोरच्या दारात गेली.

"बाई, तुमचं नाही विचारत. शिंपीकाकांची उशी कशी आहे हो?"

मास्तरीणबाईंनी आधी मागे वळून दार लोटून घेतलं. मग त्यांचा चेहरा उजळला, वर्गात नवा खडू मिळावा तसा.

"बस. सांगते. तो माणूस सुईत दोरा ओवायला पुढे वाकला की ती उशी त्याला मागून असा धक्का देते की नाक मशीनवर! रोज. मी इथून बघते ना. काय काय बोलतो त्या उशीला! मला अर्धे शब्द माहीतच नव्हते, आणि मी भाषा शिकवायचे."

"आणि पोस्टमनकाका?"

"चहाचा कप उचलायला वाकले, चहा सदऱ्यावर. आता त्या उशीवर ट्रंक ठेवलीय. म्हणतात, तिची खोड मोडतो."

धाकटीला हसू आवरेना. हसता हसताच तिने विचारलं, "आणि आत्या?"

मास्तरीणबाई खिडकीकडे वळल्या. "ते तू तिलाच विचार."

"बाई, तुम्हीच म्हणायचात ना वर्गात, अर्धं उत्तर म्हणजे चुकीचं उत्तर?"

"तू खालून हाक मारतेस ना, 'आत्या, आले गं' म्हणून? ती हाक आली की मी लगबगीने जाते, कपाटामागून उशी काढते आणि तिच्या खुर्चीवर ठेवते. तू गेलीस की परत कपाटामागे."

धाकटी घरी आली ती हाक न मारताच. आत्या ओट्याला टेकून उभी होती. खुर्ची रिकामी. उशी कपाटामागे, पाठ फिरवून रुसून बसल्यासारखी.

"आत्या, तू मला का नाही सांगितलंस?"

आत्याने तिच्याकडे बघितलं, मग उशीकडे, मग बाह्या सावरत म्हणाली, "तू पहिलीत असताना माझं चित्र काढलं होतंस. त्यात मला तीन कान होते. मी म्हटलं, हुबेहूब! तेव्हापासून तुझ्या बाबतीत जीभ तशीच वळते बघ. आता या वयात कुठे सरळ करू?"

"पण झालं काय होतं?"

"काही नाही गं. चपला घालायला वाकले, तर तुझ्या उशीने मला साष्टांग नमस्कार घालायला लावला. तोही कपाटाला." तिने बाही वर केली. कोपराजवळ जुना पडत चाललेला निळा डाग होता. "लागलं नाही फारसं. पण भीती बसली."

धाकटी तिच्या पायाशी बसली. रडावं की हसावं ते तिला ठरवता येईना, म्हणून तिने दोन्ही थोडं थोडं करून घेतलं.

चार दिवस इमारत पुन्हा पालथी घालून ती सरांसमोर उभी राहिली.

"चुगल्या?" सर म्हणाले. "शेजारपाजारच्या चुगल्या म्हणजे पुरावा?"

"प्रत्येक उशीबद्दल दोन वेगवेगळ्या शेजाऱ्यांना विचारलं सर, एकमेकांना कळू न देता. दोघांचं जुळलं तेवढंच धरलं. आणि नव्याने विचारायच्या आधी सगळ्यांना सांगून टाकलं, की तुमचं मी दुसऱ्यांना विचारणार आहे, चालेल ना?"

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, आमचं खुशाल विचार, आमच्यात लपवण्यासारखं काही नाही, पण त्यांचं मात्र नीट खोदून विचार." धाकटीने श्वास घेतला. "सर, तुम्ही म्हणालात दोन उशांत फरक नाही. आहे. एक उशी माणसाला फेकते, दुसरी फेकत नाही. स्प्रिंगची उशी मिळालेल्या प्रत्येकाला तिने कशासाठी तरी पुढे वाकताना फेकलंय. उठायचं नसताना. स्प्रिंगची ताकद बरोबर आहे, तिला फक्त वेळ कळत नाही."

सर खूप वेळ चष्मा पुसत राहिले. तो कधीच स्वच्छ झाला होता, पण चेहरा लपवायला दुसरं काही हाताशी नव्हतं. शेवटी म्हणाले, "पाणीवाल्यांना सांगतो, जरा थांबा म्हणून. पण नवी उशी मी स्वतः येऊन बघणार. तुझ्या त्या इमारतीत."

मग लांबट खोलीत पुन्हा भांडणं सुरू झाली. धाकटीने उशीच्या दोन्ही बाजूंना एकेक मूठ बसवली आणि आत खटका. दोन्ही मुठी एकदम दाबल्या तरच खटका सुटणार आणि स्प्रिंग रेटा देणार. म्हणजे एका हातात कप असो, सुई असो की चप्पल असो, उशी गप्प बसणार. गुडघेवाले म्हणाले, मुठी थोड्या पुढे हव्यात. स्प्रिंगवाले म्हणाले, पुढे घेतल्या तर खटका मोडेल. माणसंवाले म्हणाले, आधी वापरून बघू द्या. मुठी आहेत तिथेच राहिल्या.

सर आले तेव्हा आत्याच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शिंपीकाका, पोस्टमनकाका, मास्तरीणबाई, सगळे हजर. सरांना नव्या उशीवर बसवलं गेलं आणि त्यांच्या हातात चहा दिला गेला. समोरच्या टेबलावर, जरा लांबच, बिस्किटांची बशी ठेवली होती. ती तिथे कोणी ठेवली हे कोणी सांगितलं नाही. पण पोस्टमनकाकांनी आपली खुर्ची हळूच मागे घेतली.

सर बिस्किटासाठी वाकले. खोलीतला श्वास थांबला.

काहीच झालं नाही. सरांनी बिस्कीट चहात बुडवलं आणि खाल्लं.

"अरेरे," शिंपीकाका पुटपुटले.

मग सरांनी कप खाली ठेवला, दोन्ही मुठी दाबल्या, आणि उशीने त्यांना सावकाश उभं केलं.

"छान," सर म्हणाले. "फार छान. काहीच त्रास नाही."

धाकटीने त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती वळून म्हणाली, "आत्या, सरांना उशी कशी वाटली गं?"

"बरी," आत्या म्हणाली. "पण उठताना मुठी शोधत होते ते. आधी खुर्चीचे हातच चाचपले. आणि उठल्यावर पाठ धरली, कोणाचं लक्ष नाही असं बघून. मुठी चार बोटं पुढे हव्यात."

सगळे सरांकडे बघायला लागले. सरांचा हात पाठीवरच होता. तो त्यांनी हळूच खाली घेतला आणि मग ते हसले, अजिबात न जपता.

"गुडघेवाल्यांनी हेच सांगितलं होतं," ते म्हणाले. "मुठी पुढे घ्या. खोली तुमच्याकडेच राहील. आणि यापुढे मला काही विचारायचं असेल, तर माझ्या बायकोला विचारत जा."

त्यांना पोचवायला धाकटी खाली गेली. सायकलीचं कुलूप काढून सर जातात न जातात, तोच वरून हाक आली. खिडकीत मास्तरीणबाई उभ्या होत्या, नेहमीपेक्षा हातभर उंच. त्या कशावर उभ्या आहेत हे आता सगळ्या इमारतीला माहीत होतं.

"अगं धाकटे!" त्या हळू बोलायचा प्रयत्न करत म्हणाल्या, म्हणजे फक्त अर्ध्या रस्त्यालाच ऐकू गेलं. "तुझी आत्या! खोली रिकामी झाली तशी बसली, उठली, परत बसली, परत उठली. एकटीच! आता चपला घालतेय, माझ्याकडे यायला. मी बघितलं हे तिला सांगू नकोस हं!"