आठवड्याची गोळी

आई गेल्यानंतर चौथ्या महिन्यात तिच्या डाव्या कोपरावरचा चट्टा बरा झाला. जिथे बरा झाला तिथे आता वेताच्या खुर्चीची वीण दिसत होती.

हे फक्त मोबाइलवर दिसे. खोलीत खुर्ची रिकामीच असायची. अकोटमध्ये कातडी आणि सांधे दोन्ही बघणारं कोणी नव्हतं, म्हणून वैजयंती दोन वर्षं आईला त्या खुर्चीत बसवून नागपूरच्या वऱ्हाडपांडे डॉक्टरबाईंना व्हिडिओवर दाखवत आली होती. फोन ती धरायची, आणि डॉक्टरांनी आईला काही विचारलं की उत्तरही तीच द्यायची. तेरावं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी ठरलेल्या वेळेचा मेसेज आला. आई गेल्याचं कळवावं म्हणून तिने फोन लावला. तिने तोंड उघडण्याआधीच डॉक्टर म्हणाल्या, "काकू, हात वर करा बरं." सवयीने वैजयंतीने कॅमेरा खुर्चीकडे फिरवला.

जे दुखत होतं तेवढंच स्क्रीनवर आलं. दोन्ही कोपरं, बोटांचे सुजलेले सांधे, केसांच्या कडेने कपाळावर उतरलेला लाल पट्टा, उजवा कान, एक गुडघा. मधे मधे खुर्ची. ओळख पटायला तेवढं पुरे होतं. डॉक्टरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. उजेड कमी पडतोय, एवढंच त्या म्हणाल्या. वैजयंतीने पडदा सरकवला.

मग दर महिन्याला हेच. आठवड्याची गोळी ती रविवारी सकाळी खुर्चीत ठेवी, दुपारपर्यंत ती तिथे नसे. खाज किती, सकाळी सांधे किती वेळ आखडतात, सगळं वैजयंतीच सांगे. मुलगी तुम्हाला बोलूच देत नाही हो, असं डॉक्टर गमतीने म्हणाल्या तेव्हा खुर्चीतून आईचं हसू ऐकू आलं. पुढे गुडघा बरा झाला आणि गेला. कान गेला, उजवं कोपर गेलं. चौथ्या महिन्यात डावं कोपरही गेल्यावर तीन बोटं आणि कपाळाचा पट्टा एवढंच उरलं. डॉक्टर खूश होत्या. असंच राहिलं तर पुढच्या खेपेला फाइल बंद करून टाकू, म्हणाल्या.

त्या रविवारी वैजयंतीने गोळी ठेवली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. असे चार रविवार गेले.

पाचव्या महिन्यात आई पुष्कळ आली होती. दोन्ही हात खांद्यापर्यंत, पोटऱ्या, गळा, भुवया. कातडीचे पापुद्रे उठलेले, बोटं तळव्यात वळलेली. डोळे नव्हते, पण भुवयांवरून ती इकडेच बघते आहे हे कळत होतं. वैजयंतीला बरं वाटलं. तिने फोन आणखी जवळ नेला. आईची नखं गळ्यावरून खालीवर फिरत होती, थांबत नव्हती.

"गोळी चुकली का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. वेळेवर चालू आहे."

"दिली नाही हिने," आई म्हणाली. डॉक्टरांशी ती पहिल्यांदाच आपणहून बोलत होती. "रागावू नका तिला. पण आता सोसवत नाही गं, वैजू."

डॉक्टर रागावल्या नाहीत. आत्ता, माझ्यासमोर द्या, म्हणाल्या.

वैजयंतीने फोन तांब्याला टेकवून उभा केला आणि पाकिटातून गोळी काढली. आईचं तोंड स्क्रीनवर नव्हतं. तोंडाला कधी काही झालंच नव्हतं. भुवया आणि गळा यांच्या मधला अंदाज घेऊन तिने रिकाम्या खुर्चीपुढे हात धरला.

"थोडा खाली," आई म्हणाली.

तिने हात खाली घेतला. बोटांच्या टोकांना ओठ लागले, कोमट. ओठ उघडले. डॉक्टर स्क्रीनवरून बघत होत्या. वैजयंतीच्या चिमटीत गोळी तशीच होती.