काकूंचा नोंदणीकृत चेहरा

आमच्या बँकेत ग्राहकांचे चेहरे ओळखणारं यंत्र आलं आणि त्या मेल्यानं माझं डोकं उठवलं. नोंदणीच्या वेळचा चेहरा आजच्या चेहऱ्याशी जुळला नाही, तर खातं बंद! शेजारच्या काका-काकूंची नोंदणी झाली, तेव्हा काका नेमकी नवी छत्री बसमध्ये विसरून आले होते. त्यामुळे यंत्राकडे काकूंचा संतापलेला चेहरा आहे.

आज काकू भलत्याच खुशीत होत्या. यंत्र म्हणालं, "चेहरा जुळत नाही."

"काकू, जरा रागवा ना," मी हात जोडले.

"अरे, उगाच कशी रागवू?" त्या हसत सुटल्या.

शेवटी मी बाहेर बसलेल्या काकांना आत बोलावलं. काकूंनी त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "छत्री कुठंय?"

काकांनी खिडकीतून जाणाऱ्या बसकडे पाहिलं. यंत्रावर हिरवा दिवा लागला.

मग काकांची पाळी आली. तणतणत काकू बाहेर गेल्या. काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि ते कॅमेऱ्यासमोर तोंडभर हसले.

यंत्र म्हणालं, "ही व्यक्ती आमच्या नोंदीत नाही."

मी मुकाट्यानं काकूंना परत आत बोलावलं.