एका बोटाने सरकणारी पट्टी

मी एक जुनी गाईडपट्टी आहे. गाईड म्हटल्याबरोबर तोंडं वाकडी केलीत ना मित्रांनो? परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ज्याची आठवण होते, ते गाईड मी नव्हे. करवतीच्या टेबलावर गोल पात्याशेजारी जी उभी असते आणि जिला टेकून लाकूड सरळ पुढे सरकतं, ती मी. कापायचं काम पात्याचं, वाट दाखवायचं काम माझं. पात्याला सगळे घाबरतात. माझ्याकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि घात होतो तो तिथेच.

माझी गोष्ट गोडगोजिरी नाही, हे आधीच सांगते. तिच्यात मार आहे, रक्त आहे, आणि दोन सख्ख्या भावांनी एकमेकांची धरलेली गचांडी आहे. ज्याला हे ऐकवत नसेल त्याने आत्ताच उठून खेळायला जावं. नाही उठलात? मग ऐका.

माझा जन्मच मुळी दांडगाईतून झाला. तापवून मऊ केलेल्या अॅल्युमिनियमला यंत्राने साच्यातून पिळून काढलं. मी थंड होते न होते तोच मला तोडलं, घासलं, अंगाला भोकं पाडली. माझ्या पुढच्या टोकाला एक खटका बसवला. तो दाबला की मी टेबलाच्या पुढच्या कडेच्या रुळाला घट्ट धरून बसायची. मागच्या टोकाला मात्र नुसतं प्लास्टिकचं चाक. म्हणजे डोकं बांधलेलं आणि शेपूट मोकळं! घडवणाऱ्यांनी तेवढेच कष्ट वाचवले. पण वरून मला अशी चकचकीत केली की आरशाने लाजावं.

हत्यारांच्या दुकानात मी एका काळ्या, जाडजूड लोखंडी पट्टीशेजारी उभी होते. ती दोन्ही टोकांनी आवळायची होती. जागची हलायची तर कण्हत हलायची. तिला कुणी हात लावत नसे. एके दिवशी दुकानात दोन भाऊ आले. थोरल्याला सगळे दादा म्हणत. धाकट्याचं नाव बारक्या. अंगाने एवढा की दारातून तिरका शिरायचा, पण लहानपणी पडलेलं नाव पडलंच. वडिलांच्या मागे त्यांचा सुतारखाना हे दोघं चालवत होते, आणि वडिलांच्या वेळची लाकडी पट्टी झिजून गेली म्हणून नवी घ्यायला आले होते.

दुकानदाराने मला नमुन्याच्या टेबलावर चढवलं आणि एका बोटाने ढकललं. मी सुळकन या टोकापासून त्या टोकाला गेले.

"वा! लोण्यासारखी आहे," दादा म्हणाला.

बारक्याने मान हलवली. "दादा, सरकतेय झकास. पण थांबतेय का ते बघ. खटका लाव आणि शेपटाला जरा रेटा दे."

"पट्टी घ्यायला आलोय की म्हैस?" दादाने डोळे वटारले. "दुसऱ्याच्या दुकानात वस्तूला रेटे देतात का? जरा लाज बाळग."

"मग ती काळी तरी बघू."

"ती तुझ्यासारखी आहे. खायला काळ नि भुईला भार."

दुकानदार हसला, दादा हसला, आणि मी त्यांच्या घरी गेले. तुम्हीही कधी अशी निवड केली असेल मित्रांनो. वस्तू काय काम करणार आहे ते न बघता ती किती छान सरकते तेवढंच बघितलं असेल.

पहिले दिवस लाडाचे गेले. वहिनी, म्हणजे दादाची बायको, सुतारखान्यात पॉलिशचं काम बघायची. सकाळी ती मला तेलाच्या फडक्याने पुसायची, तेव्हा मला स्वतःचाच हेवा वाटायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला दादा मला एका बोटाने सरकवून दाखवायचा. मीही मिरवून घेतलं, खोटं कशाला बोलू!

पण फळी जाड आली की तिच्या रेट्याने माझं मोकळं शेपूट पात्याकडे कलायचं. अगदी केसभर. दादा माप घ्यायचा ते पात्याच्या पुढच्या दातापाशी, माझ्या डोक्याकडे. तिथे माप बरोबर भरायचं. मागे जाऊन बघायची त्या घराला सवयच नव्हती. वडिलांनी पुढून मोजलं म्हणून हेही पुढूनच मोजत. मागे मात्र पातं आणि मी यांच्यातली वाट अरुंद झालेली असायची. फळी तिथे चिमटायची, पात्याचे मागचे दात तिला उचलायचे, आणि ज्याने ढकलली त्याच्याच अंगावर भिरकावून द्यायचे.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा फळी दादाच्या कमरेला चाटून मागच्या भिंतीवर आदळली. गिलावा ढासळला. शहाण्या माणसाने मशीन बंद करून मला तपासलं असतं. दादाने काय केलं? खदाखदा हसला, खडू घेतला आणि भिंतीवरच्या खळग्याभोवती गोल काढला.

"मशीनने सलाम ठोकला रे!" तो म्हणाला. "अगदी आपल्या बाबांवर गेलंय. हात उगारल्याशिवाय चैन पडायची नाही त्यांना."

बाबांच्या हातचा मार दोघांनीही खाल्ला होता. दादाला त्याचा अभिमान वाटायचा. बारक्याला वाटत नसे.

मग तो रिवाजच पडला. फळी उडाली, भिंतीवर आदळली की दादा गोल काढायचा. एका फळीने भिंतीवरचं घड्याळ फोडलं, तिथे गोल. एक फळी तेलाच्या डब्यातून आरपार गेली, तर डबाच खिळ्याला टांगला आणि त्याच्याभोवती गोल. गिऱ्हाईक आलं की दादा चहाबरोबर ती भिंत दाखवायचा. आणि संध्याकाळी लाकडी हातोड्याने माझं शेपूट ठोकून सरळ करायचा. ठोक, ठोक, ठोक! दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वाकडी. मार खाऊन कुणी सरळ होतं का मित्रांनो? मी तर झाले नाही.

दादा पात्यासमोर छाती काढून उभा राहायचा. बारक्या हुशार, तो फळीची रेघ सोडून एका बाजूला उभा राहून ढकलायचा. दादाला ते बघवत नसे.

"समोर उभा राहा की! बाजूला उभं राहायला तू काय पाहुणा आहेस?"

"पाहुणा असतो तर दुसऱ्या दिवशी पळालो असतो," बारक्या म्हणायचा. "पट्टी बदल दादा. ही कुणाचा तरी जीव घेणार आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं!"

पण मित्रांनो, अंगण खरोखरच वाकडं होतं! मी ओरडून सांगितलं असतं, पण आम्हा वस्तूंना तोंड कुठे असतं?

एक दिवस फळीचा एक कपचा उडाला आणि वहिनीची भुवई फाडून गेला. बिचारी कोपऱ्यात खुर्चीला पॉलिश करत होती. ताज्या पॉलिशवर रक्ताची धार लागली. बारक्याने तिच्या कपाळावर फडकं दाबलं, तिला बसवलं, आणि तडक येऊन मला रुळावरून उपटली. मला दाराबाहेर फेकणार तोच दादाने त्याच्या मुस्कटात भडकावली. बारक्याने मला टाकलं आणि दादाची गचांडी धरली. दोघं भुशात पडले. मिशीत भुसा, दातांत रक्त, आणि तोंडाने लहानपणापासूनची सगळी उणीदुणी! शेवटी एका हाताने कपाळ धरून वहिनीने पाण्याची बादली दोघांच्या अंगावर ओतली.

"कुत्री तरी बरी! व्हा बाजूला!"

दादा धापा टाकत उठला आणि मला पुन्हा रुळावर चढवली. "ही मी निवडली आहे. ही या टेबलावरून उतरली, तर मीही उतरलो असं समज."

आता मला सांगा, एका पट्टीपायी कुणी असं बोलतं का? पण दादाच्या तोंडून शब्द गेला की तो मागे घ्यायची सोय नव्हती. भुवईला टाके घालून आल्यावर वहिनी रडली नाही. मला पुसायचं मात्र तिने त्या दिवसापासून सोडलं. माझ्यावर भुसा साचू लागला.

पुढे एका शाळेच्या बाकांचं काम आलं. जाड, जड, ओलसर फळ्या होत्या. बारक्या फळी ढकलत होता, नेहमीसारखा बाजूला उभा राहून. फळी मध्येच अडली. बारक्या दचकून आणखी लांब सरला. तेवढं निमित्त दादाला पुरलं.

"भित्रा कुठला!" तो गरजला. त्याने बारक्याची कॉलर धरली, त्याला ओढून थेट पात्यासमोर उभा केला, आणि म्हणाला, "आता ढकल!"

बारक्याने ढकलली. रागाच्या भरात, सगळा जोर लावून ढकलली. माझं शेपूट कललं. फळी मागे चिमटली, पातं किंचाळलं, आणि फळी सुटली.

त्या दिवशी भिंतीवर काही आदळलं नाही. फळी भिंतीपर्यंत पोहोचलीच नाही.

ती बारक्याच्या बरगड्यांखाली बसली होती. एवढा मोठा माणूस, पण आवाजही न करता गुडघ्यांवर आला आणि मग कुशीवर पडला. त्याच्या तोंडातून रक्त आलं. दादा तसाच उभा, हातात फाटलेली कॉलर. पातं गरगरत होतं. वहिनी धावत आली, तिने मशीन बंद केलं आणि ओरडली, "बघताय काय? उचला त्यांना!"

दवाखान्यात कळलं की पोटात आत फाटलं आहे, जगण्याची खात्री नाही. भावाच्या रक्ताने भिजलेला सदरा घेऊन दादा सुतारखान्यात परत आला. कोपऱ्यातला घण उचलला आणि माझ्यावर तुटून पडला. पहिल्या घावात माझा खटका उडाला. दुसऱ्या घावात कंबर मोडली. तो शिव्या देत होता, रडत होता आणि मारत होता.

वहिनी दारात येऊन उभी राहिली.

"मारा. आणखी मारा," ती म्हणाली. "ती जशी आली तशीच होती. निवडली कुणी? ठोकून ठोकून ठेवली कुणी? आणि कॉलर कुणी धरली?"

दादाच्या हातातून घण गळून पडला. तो भुशात बसला आणि त्याने तोंड झाकून घेतलं.

बारक्याने मरणाशी चांगलीच झुंज दिली. डॉक्टरांनी आता धोका टळला असं सांगितलं, तेव्हा दादा मला पोत्यात गुंडाळून त्याच हत्यारांच्या दुकानात गेला. दुकानदाराने हसतमुखाने माझ्यासारखीच एक नवी चकचकीत पट्टी टेबलावर चढवली.

"बघा, एका बोटाने..."

दादाने खटका लावला, तिच्या शेपटाला दोन्ही हात टेकले आणि सगळा भार टाकला. ती कचकन वाकडी झाली.

"अहो, हे काय करता? मोडाल ना!" दुकानदार ओरडला.

"इथे मोडली तर बरंच आहे," दादा म्हणाला. त्याने पोतं उघडून मला टेबलावर ठेवलं. माझ्यावर बारक्याचं वाळलेलं रक्त अजून तसंच होतं. "ही मी अशी बघून घेतली असती तर माझा भाऊ आज खाटेवर नसता. ती काळी आण."

काळी आली. दादाने दोन्ही टोकं आवळली आणि शेपटाला रेटा दिला. मग खांदा लावला. मग गुडघा लावला. ती तसूभरही हलली नाही. दादाने पुढे मोजलं, मागे जाऊन मोजलं, काटकोन तपासायचा गुण्या लावून बघितला, आणि मग तो त्या कुरूप पट्टीवर डोकं टेकून हुंदके देऊ लागला. त्या क्षणी मला तिचा जरासुद्धा मत्सर वाटला नाही.

बारक्या घरी आला तो अर्धा होऊन. त्याला आता खरंच बारक्या म्हणावं असा झाला होता. हळूहळू चालत सुतारखान्यात आला, काळ्या पट्टीच्या शेपटाला स्वतः रेटा दिला आणि मान हलवली. मग खणातून खडू काढून दादाच्या हातात दिला, आणि सदरा वर केला. पोटावर लांबलचक, लालभडक व्रण होता.

"एक सलाम राहिलाय दादा. काढ गोल."

दादाच्या हातातला खडू मोडला. तो भिंतीकडे वळला आणि बाहीने सगळे गोल पुसायला लागला, दात-ओठ खाऊन, गिलाव्यावर घासून हाताची सालटी निघेपर्यंत. बारक्या बघत राहिला. थांब म्हणाला नाही.

मग दादाने मशीन सुरू केलं. बाकाची उरलेली फळी उचलली आणि जन्माच्या सवयीने पात्यासमोर छाती काढून उभा राहिला. बारक्या आला. हातात ताकद नव्हती, तरी त्याने दादाची कॉलर मुठीत धरली आणि त्याला ओढत बाजूला आणला.

"इथे उभा राहा," तो म्हणाला. "पाहुणा समज स्वतःला."

दादा तिथेच उभा राहिला. फळी सरळ गेली.

मी आता भिंतीवर खिळ्याला टांगलेली आहे, वाकलेली, चेचलेली, वापराबाहेरची. कुणी नवी पट्टी घ्यायला निघालं की दादा त्याला आधी माझ्यापुढे उभं करतो. मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. वस्तू निवडताना तिला बोटाने सरकवून भुलू नका, तिला रेटा देऊन बघा, दुकानदार ओरडला तरी बघा. तिने पहिला दणका दिला की हसून गोल काढू नका, मशीन बंद करा. आणि घरातलं कुणी बाजूला सरून उभं राहिलं, तर त्याला भित्रा म्हणू नका. त्याच्याजवळ जाऊन उभे राहा.