नाहीदची हद्दपारी

राजुऱ्यात नाहीदच्या शिलाईच्या दुकानात ब्लाउज उशिरा मिळायचा, पण मंगोल वेळेवर यायचे. दुपारी दोनला ती मशीन थांबवायची, वाचनालयातून आणलेलं इतिहासाचं पुस्तक उघडायची आणि ओट्यावर जमलेल्या बायकांना मोठ्यानं वाचून दाखवायची. इजिप्तची मांजरं झाली, चीनच्या राण्या झाल्या, रोमन लोक लघवीनं कपडे धुवायचे हेही झालं. त्या दिवशी गिरजाबाईनं हातातली चकली खाली ठेवली.

अडचण एकच होती. शेजारचे पिठाच्या चक्कीवाले लच्छूभाऊ. तेही ओट्यावर येऊन बसत आणि मोबाइलवर आलेला इतिहास मध्येच सुनावत.

"पिरॅमिडच्या इटा आपल्या बल्लारशाहून गेल्या होत्या," ते म्हणत. "तुह्या पुस्तकात नसंल."

नाहीदचं डोकं फिरायचं.

उन्हाळ्यात एका बाजाराच्या दिवशी गिरजाबाईचा माठ ओट्याच्या पायरीवर फुटला, आणि नाहीदला कल्पना सुचली. तिनं पुस्तकातलं एक पान वाचलं. जुन्या अथेन्समध्ये लोक खापराच्या तुकड्यावर नको असलेल्या माणसाचं नाव लिहायचे. ज्याची खापरं जास्त, त्याला दहा वर्षं शहराबाहेर जावं लागायचं.

"करून पाहू का?" ती निरागसपणे म्हणाली. "दहा वर्षं नाई, दहा दिवस ओटा बंद. गंमत."

बायकांनी लच्छूभाऊंकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावले. भाऊंच्या काही लक्षात आलं नाही. "मी बी मत देईन," ते म्हणाले. "लोकशाही आहे."

खापरं वाटली. लिहायला कोळसा, खाणींच्या राजुऱ्यात त्याची काय कमी? बाजारात चारोळी विकायला आलेली जंगलाकडच्या गावची ठमाबाई आपला तुकडा घेऊन नाहीदपाशी आली. तिला लिहिता येत नव्हतं.

"बाई, कोणाचं नाव लिवू?" नाहीदनं डोळा मारत विचारलं.

"तुहंच लिव."

"माह्यं? काऊन वं? मी तुमचं काय बिघडवलं?"

"काई नाई. तू लय हुशार आहेस. पण तीन बाजार झाले, मी पोलक्यासाठी चकरा मारून राह्यली, अन् तू मले त्या मंगोलाचे घोडे दाखवून राह्यली."

नाहीदला पुस्तकातलं पुढचं पान आठवलं. पुस्तकातही अगदी असंच होतं: एका अडाणी माणसानं एका सज्जन पुढाऱ्याकडूनच, न ओळखता, त्याचं नाव खापरावर लिहून मागितलं होतं, आणि त्यानं ते मुकाट लिहून दिलं होतं. ते पान तिनं मुद्दाम वाचून दाखवलं नव्हतं. तिनं कोळसा उचलला आणि स्वतःचं नाव लिहिलं. वळणदार अक्षरात.

मोजणी झाली. लच्छूभाऊ तीन, नाहीद सहा.

गिरजाबाई आपल्या पायाच्या बोटांकडे पाहत राहिली. "दहा दिवस वाचन बंद," लच्छूभाऊंनी निकाल जाहीर केला आणि मोबाइल काढला.

नाहीद आतल्या खोलीत मशीन घेऊन बसली. तिला खरंच लागलं होतं. रात्री नवऱ्याला, अकरमला, तिनं सांगितलं तेव्हा तो इतका हसला की तिनं त्याला दुसऱ्यांदा भाजी वाढली नाही. दुपारी बाहेर लच्छूभाऊ सांगायचे की चंगीझ खान म्हणजे नाहीदच्या नात्यातलाच कोणी खान असणार. ते ऐकून ती दातानं दोरा तोडायची. पण शब्द दिला होता. ती वाचत नव्हती. नुसती शिवत होती. तीन दिवसांत सगळे रखडलेले ब्लाउज तयार झाले.

मग तिच्या डोक्यात आलं, बंदी वाचायला आहे. लिहायला कुठी आहे?

प्रत्येक ब्लाउजच्या घडीत तिनं एक चिठ्ठी घातली: "अकराशे वर्षांपूर्वी रोममध्ये एका पोपनं आधीच्या मेलेल्या पोपला कबरीतून काढलं, झगा चढवून खुर्चीत बसवलं आणि त्याच्यावर खटला भरला. निकाल असा लागला की" बस. पुढे कोरा कागद. ठमाबाईचं पोलकं तिनं एसटीच्या कंडक्टरच्या हाती गावाला पाठवलं.

सातव्या दिवशी बाजार भरला. ठमाबाई चारोळीचं टोपलं न उतरवताच दुकानात शिरली.

"नातीनं चिठ्ठी वाचली. त्या मेलेल्या बुवाचं काय झालं? गावात भांडणं लागून राह्यली. अर्धे म्हणतेत सुटला."

मागोमाग गिरजाबाई आली, मग बाकीच्या. सगळ्यांत शेवटी लच्छूभाऊ. त्यांच्या बायकोच्या ब्लाउजातही चिठ्ठी गेली होती.

"मोबाइलात पाह्यलं असंल ना भाऊ?" नाहीदनं मान वर न करता विचारलं.

"पाह्यलं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "इंग्रजीत निघालं."

"पण मले बंदी आहे. तीन दिवस बाकी आहेत."

"उठवली!" गिरजाबाई ओरडली. "हात वर करा वं!" सगळे हात वर झाले. लच्छूभाऊंचा जरा उशिरा.

नाहीदनं सावकाश सुई टोचून ठेवली आणि ओट्यावर येऊन बसली. "दोषी ठरला," ती म्हणाली. "उजव्या हाताची तीन बोटं कापली. मग नदीत फेकला."

"मेलेल्याले शिक्षा?" गिरजाबाईनं कपाळावर हात मारला.

ठमाबाईनं आता कुठे टोपलं खाली ठेवलं. "हे सांग, त्याच्याकडून बोललं कोण?"

"एक धाकटा पाद्री उभा केला होता. खुर्चीमागे उभा राहून तोच मेलेल्याची उत्तरं द्यायचा."

"बिचारा," ठमाबाई म्हणाली. "त्याचं नाव काय होतं?"

ते नाहीदलाही माहीत नव्हतं. तिनं पुस्तक उघडलं आणि सगळ्या जणी शोधायला वाकल्या.